कॉम्प्युटरचं जाळं आणि स्टोअरमधली खुर्ची

हल्ली आमच्या किर्यात मलाखीत म्हाताऱ्यांच्या क्लबात एक मुलगी येते आणि आम्हाला इंटरनेट शिकवते. आम्ही बहिरेही आहोत आणि मठ्ठही, अशा समजुतीने ती बोलते. प्रत्येक शब्दाआधी सांगते, "या शब्दाला घाबरायचं नाही हं." मी कशाला घाबरू? नेटवर्क, मोडेम, पासवर्ड, पत्ता, हे सगळे शब्द मी ती जन्मायच्या आधी शिकून बसले आहे. विद्येची आवड म्हणून शिकले नव्हते. मला एक खुर्ची हवी होती.

मी कोकणात चौथीपर्यंत शिकले. पाचवीचा वर्ग खाडीपलीकडच्या गावात होता आणि मुलीला रोज होडीत कोण बसवणार, म्हणून शिक्षण खाडीच्या अलीकडेच संपलं. मग लग्न, मुंबई, आणि आम्ही ज्यू म्हणून एकोणीसशे पासष्टनंतर कधीतरी इस्रायल. उतरलो तेव्हा एका अधिकाऱ्याने आमच्याकडे न बघताच आमची वाटणी केली. नणंद एलातला, चुलतसासरे लोदला, आम्ही आणि धाकटे दीर किर्यात मलाखीला. नणंदेने विचारलं, "एलात जवळच आहे ना?" तो म्हणाला, "या देशात सगळं जवळच आहे." ती बसमध्ये बसली ती दिवसभर बसूनच होती.

किर्यात मलाखीत शिवणाचा दोरा बनवणारा एक कारखाना होता. तिथे मी आणि माझी धाकटी जाऊ एकदमच लागलो. आधी आम्ही दोघी वाइंडिंगला होतो, म्हणजे बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनांवर गुंडाळायचं. ते काम उभ्याने. धागा तुटला की पळायचं, जोडायचं, पुन्हा उभं. पुष्कळ वर्षं ते केल्यावर माझे दोन्ही गुडघे असे झाले की जिना दिसला की मी आधी त्याला शिवी द्यायचे. मग आम्हाला स्टोअरमध्ये टाकलं. तिथे कोन, रिळं, सुया, तेल असा माल द्यायचा आणि घ्यायचा. तिथेही उभंच, पण निदान पळापळ नव्हती.

ऐंशीनंतरची काही वर्षं गेली आणि कारखान्यात कॉम्प्युटर आले. ऑफिसात, हिशेबनिसाकडे, फाटकावर आणि आमच्या स्टोअरमध्येही एक. त्याच्याबरोबर एक खुर्ची आली. पाठ असलेली, गादी असलेली, गोल फिरणारी. मॅनेजर रुमानियातून आलेला माणूस होता. त्याला बोलण्यापेक्षा ओरडणं सोपं जायचं. त्याने आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "आता इथे दोन बायका लागणार नाहीत. जिला यंत्र कळेल ती खुर्चीत बसेल. दुसरी परत वाइंडिंगला."

मी खुर्चीकडे बघितलं. जावेने पण बघितलं. घरी जाताना आम्ही दोघी हवेबद्दल बोललो.

शिकवायला तेल अवीवहून एक मास्तर आला. कोवळा पोरगा, दाढी ठेवलेली, ती त्याला अजून नीट येत नव्हती. हिब्रूत 'तुम्ही' नसतंच, लहानथोर सगळ्यांना 'तू'. त्यामुळे माझ्या मुलीच्या वयाचा हा मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "गेवेरेत, तू काही विचारायला लाजू नकोस." गेवेरेत म्हणजे बाईसाहेब. बाईसाहेब आणि तू, दोन्ही एका दमात.

त्याने फळ्यावर चौकोन काढले आणि त्यांना रेघेने जोडलं. "ही रेशेत," म्हणाला. रेशेत म्हणजे जाळं. इंग्रजीत नेटवर्क. एक कॉम्प्युटर एकटा असला की त्याला फक्त स्वतःपुरतं कळतं. वायरीने दुसऱ्याला जोडला की एकाचं दुसऱ्याला कळतं. आता सगळ्यांचं सगळ्यांना कळलं म्हणजे प्रगती झाली, असं मास्तराचं मत होतं. मी मुंबईत चाळीत राहिले आहे. मला त्यात प्रगती दिसली नाही.

आमच्या कारखान्यात एकच जाड काळी वायर होती. ऑफिसातल्या यंत्रातून निघून ती हिशेबनिसाकडे, तिथून फाटकावर, तिथून आमच्याकडे आणि पुढे पॅकिंगला गेली होती. मास्तर म्हणाला, "ही सलग राहिली पाहिजे. मधे कुठेही सुटली तर सगळी यंत्रं मुकी होतील."

"एका सुटल्याने सगळी कशी?" मी विचारलं.

"रचनाच तशी आहे."

"मग रचना करणाऱ्याला पगार कोण देतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि फळा पुसला.

पुढचा शब्द पत्ता. जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, तोच त्याचा पत्ता. दोन यंत्रांचा पत्ता एकच नसावा, नाही तर एकाचं टपाल दुसऱ्याकडे जातं किंवा दोघंही अडून बसतात. हे मला लगेच पटलं. आमच्या बिल्डिंगीत एकाच आडनावाची तीन घरं होती आणि दवाखान्याचं बोलावणं नेहमी भलत्याच घरात जायचं. एकदा तर आमच्या ह्यांना बाळंतपणाच्या तपासणीला बोलावलं होतं.

मग पाकीट. हे ज्यांना अजून कळत नाही त्यांच्यासाठी नीट सांगते. लांबलचक निरोप असला तर यंत्र तो अखंड पाठवत नाही. त्याचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यावर कुठे जायचं तो पत्ता आणि कितवा तुकडा तो नंबर घालतं आणि सोडून देतं. पलीकडचं यंत्र नंबर बघून तुकडे परत जोडतं. एखादा हरवला तर पुन्हा मागून घेतं. मी मास्तराला म्हटलं, "आमच्या कुटुंबाचं तुमच्या सरकारने हेच केलं. नंबरसुद्धा घातले होते, ट्रंकांवर. फक्त परत जोडायला कोणी बसलं नाही."

तो हसला नाही. जाऊ माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, गप्प बसा ना, नापास करेल."

"तुला बरंच होईल."

"तसं नाही हो." पण ती खाली बघत होती.

पासवर्डला इथे सिस्मा म्हणतात. यंत्राला आपण कोण ते पटवायचा गुपित शब्द. तो कोणाला सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही. जावेने त्याच दुपारी आपला शब्द मला सांगितला, फाटकवाल्याला सांगितला आणि घरी दिरांनाही सांगितला. का, तर विसरले तर कोणीतरी आठवण करून द्यायला हवी. मास्तराने कपाळावर हात मारला. तिने त्याला करंज्या आणून दिल्या. करंजी खाल्ल्यावर त्याने तिला नवा शब्द दिला, आणि तोही तिने मला सांगितला.

मोडेमचा डबा मात्र मला आवडला. कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेची भाषा येत नाही आणि तारेला कॉम्प्युटरची येत नाही. मधे हा दुभाष्या बसतो. इकडचं बोलणं किंचाळीत बदलतो, तारेतून पाठवतो, तिकडचा मोडेम त्या किंचाळीचं पुन्हा बोलणं करतो. आम्ही नवीन आलो तेव्हा दवाखान्यात असाच एक दुभाष्या होता. आम्ही पोट दुखतं म्हणायचो, तो डॉक्टरला काहीतरी ओरडून सांगायचा आणि आम्हाला कानात घालायचे थेंब मिळायचे. मोडेम त्याच्यापेक्षा बरा. कारखान्यात मोकळी टेलिफोन लाइन फक्त स्टोअरची होती, म्हणून तो डबा आमच्याच टेबलावर ठेवला. रोज संध्याकाळी, आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर शनिवारी रात्री आपोआप, किती माल शिल्लक आहे ते तेल अवीवच्या हेड ऑफिसला त्याच्यातून जायचं.

शेवटच्या दिवशी मास्तर म्हणाला की अमेरिकेत आता एक जाळं दुसऱ्या जाळ्याला जोडतात, जाळ्यांचंच जाळं करतात, आणि एक दिवस आपण घरबसल्या जगात कुठेही निरोप पाठवू. मी विचारलं, "एलातला जाईल?" तो म्हणाला, "अर्थात." म्हटलं, मग खरंच मोठी गोष्ट आहे, कारण नणंदेला टेलिफोनसाठी अर्ज करून इतकी वर्षं झाली होती की अर्ज घेणारा माणूस पेन्शनीत निघाला होता.

परीक्षा तोंडी झाली. लिहायची असती तर आम्ही दोघी दारातूनच परत गेलो असतो. मला त्याने सगळे शब्द विचारले, मी सगळे सांगितले. घरी मुलीकडून घोकून घेतले होते. मी मराठीत विचारायचे, ती हिब्रूत उत्तर द्यायची आणि शेवटी म्हणायची, "इमा, पुरे," इमा म्हणजे आई. जावेला मास्तराने विचारलं, "नेटवर्क म्हणजे काय?" ती म्हणाली, "सगळे एकमेकांना धरून असतात ते." मोडेम म्हणजे काय? "तो रडतो तो." मास्तराने तिला काठावर पास केलं, पण मॅनेजरला माझं नाव सांगितलं. खुर्ची माझी. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, हुकूम निघायचा होता.

त्या शुक्रवारी मी दुपारी लवकर निघाले, घरी शब्बाथचा स्वयंपाक होता. स्टोअर बंद करायला जाऊ थांबली.

रविवारी सकाळी कारखाना मुका. ऑफिसचं यंत्र बोलेना, हिशेबनिसाचं बोलेना, फाटकावर लॉऱ्या उभ्या. शनिवारी रात्री तेल अवीवला काहीच गेलं नव्हतं. मॅनेजर एवढा ओरडत होता की वाइंडिंगच्या मशिनींच्या खडखडाटावरही त्याचा आवाज येत होता. मास्तराला तेल अवीवहून बोलावलं. तो येऊन आधी ऑफिसातल्या सर्वांत मोठ्या यंत्रासमोर बसला, कारण शिकलेला माणूस मोठ्यापासून सुरुवात करतो. मग हिशेबनिसाचं उघडलं. मग फाटकाचं. शेवटी घामाघूम होऊन आमच्याकडे आला, त्याच्यामागे मॅनेजर.

मी सकाळपासून तिथेच होते आणि मला केव्हाच दिसलं होतं. आमच्या यंत्राच्या मागच्या दोन्ही वायरी, येणारी आणि पुढे जाणारी, पिळून सोडवलेल्या, त्यांची एकसारखी वेटोळी केलेली, सुताने गाठ मारलेली आणि भिंतीवरच्या खिळ्यावर टांगलेली. टेबल पुसलेलं. यंत्रावर स्वच्छ फडकं. ती गाठ मी आयुष्यात एकाच घरच्या लोकांना मारताना बघितली आहे. मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी बोलले नव्हते.

मॅनेजरने वायर बघितली आणि सरळ माझ्याकडे वळला. "तू! वर्गात पण तूच टवाळी करत होतीस!"

"मी सोडल्या असत्या तर इतक्या छान टांगल्या नसत्या," मी म्हटलं.

जाऊ पुढे आली. घाबरलेली वगैरे अजिबात नाही. "मी सोडलं," ती म्हणाली. "शब्बाथ होता ना."

"नुसता यंत्राचा पडदा बंद करायचा!" मास्तर ओरडला. "बटन आहे ना त्याला!"

"बटन बंद केलं. पण मानेवर जोत तसंच."

मास्तराला काही कळलं नाही. ते मला समजावून सांगावं लागलं. आम्ही कोकणातले तेली. शनिवारी घाणा चालवत नाही म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. जावेच्या बापाचा घाणा होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल नुसता थांबवायचा नाही, सोडायचा. दोर सोडवून, गुंडाळून, गाठ मारून खुंटीला टांगायचा. कारण बैल जुंपलेला राहिला तर जाता येता कोणीतरी हाकतोच, आणि मग त्याचा शब्बाथ मोडतो. जनावरालाही विसावा द्यावा असं धर्माच्या पुस्तकातच सांगितलं आहे. तर जावेने यंत्राचं जोत सोडलं होतं. तिच्या मते ते रात्रंदिवस कोणालातरी काहीतरी सांगत बसतं, त्याला एक दिवस तरी गप्प बसू द्यावं.

"ते यंत्र आहे!" मॅनेजर म्हणाला. "आणि ही बाई उद्यापासून वाइंडिंगला!"

तोपर्यंत दारात बायका जमल्या होत्या, आणि त्यांच्यामागून कामगार समितीचा सेक्रेटरी आला. डोक्यावर टोपी घालणारा धार्मिक माणूस, आणि मॅनेजरशी त्याचं जुनं वाकडं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "म्हणजे हिने शब्बाथला यंत्र चालू दिलं नाही, म्हणून तू हिची बदली करतोस? असंच मी गावात सांगू ना? रब्बींनाही असंच सांगू?"

मॅनेजरने दारातल्या बायकांकडे बघितलं. त्याने आयुष्यात कधी शब्बाथ पाळला नसेल, शुक्रवारी रात्री त्याच्या घरचा रेडिओ आम्हाला ऐकू यायचा. पण गावात बोभाटा त्याला नको होता.

"कोणी म्हटलं बदली?" तो म्हणाला. "हिची खुर्ची पक्की. दुसरी जाईल."

दुसरी म्हणजे मी. मला सगळे शब्द येत होते. पाकीट, पत्ता, मोडेम, सिस्मा. शब्दांसकट मी वाइंडिंगला गेले. सेक्रेटरी जाताना मला म्हणाला, "मोठं पुण्याचं काम केलं तुझ्या जावेने." मी म्हटलं, "हो, माझ्या गुडघ्यांवर." त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. यंत्र शनिवारी आपोआप चालायचं ते मात्र तसंच चालू राहिलं. समितीने ठराव करून सगळ्यांच्या समाधानासाठी त्याच्यावर एक फडकं टाकायचं ठरवलं.

वाइंडिंग पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला. दोन-तीन दिवस बरे गेले. मग रोज कोणी ना कोणी निरोप घेऊन यायचं, "तुझी जाऊ बोलावते." यंत्र काय म्हणतं ते तिला वाचता येत नव्हतं, मला मुलीने तेवढे शब्द ओळखायला शिकवले होते. यंत्र 'उत्तर नाही' म्हणालं की ती त्याला पुन्हा विचारायची, मग रागावल्यासारखं बंद करायची. मी पटांगण ओलांडून जायचे, एक बटण दाबायचे, परत यायचे. संध्याकाळी ती घरी यायची, वाटीत काहीतरी गोड घेऊन, आणि म्हणायची, "वहिनी, तो पत्त्याचा भाग पुन्हा सांगा ना." मी गोड खायचे आणि सांगायचे, "खुर्चीला विचार."

मग मी पटांगण ओलांडणंच सोडलं. म्हटलं, पाय दुखतात. खोटं नव्हतं.

एका संध्याकाळी ती स्वतः धावत आली. पाळी सुटायची वेळ, वाइंडिंगच्या सगळ्या बायका बघतायत. "वहिनी, चला. तेल अवीवला काही जातच नाही. दोन दिवस झाले. मॅनेजर म्हणतो आज गेलं नाही तर बघून घेतो."

"समितीच्या सेक्रेटरीला सांग. पुण्याचं काम आहे."

"वहिनी!"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. त्या घरात कमावणारी तीच, दिरांची कंबर गेलेली. मी गेले. दयेने नाही. यंत्राला काय झालंय हे मला बघायचं होतं.

तिने माझ्यासमोर सगळं केलं. बटणं बरोबर दाबली. मोडेमने नंबर फिरवला, तिकडून शिट्टी आली, दोघे किंचाळायला लागले. आणि माझ्या जावेने टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"हे काय करतेस?"

"बघते ना, अजून बोलतायत का." मग रिसीव्हरमध्ये म्हणाली, "हॅलो? हॅलो?"

यंत्राने लगेच सांगितलं, संपर्क तुटला. दोन दिवस हेच चालू होतं. दोन यंत्रं एका तारेवर बोलत असताना मधे तिसऱ्याने हॅलो म्हटलं की पाकिटं सांडतात. एवढी साधी गोष्ट. पण तिला तार गप्प वाटली की काळजी वाटायची आणि किंचाळली की आणखी काळजी. घरीही ती झोपलेल्या पोराला उठवून विचारायची, झोप लागली ना.

"ठेव तो," मी म्हटलं. "आणि ऊठ."

"हं?"

"ऊठ आधी. तुझ्या हाताच्या टप्प्यात फोन असेपर्यंत तेल अवीवला काही जाणार नाही."

ती उठली. मी बसले. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होते आणि ती मला वाटलं होतं त्यापेक्षाही चांगली होती. पाठीला बरोबर जिथे पाहिजे तिथे टेकत होती. मी नंबर फिरवला, टेलिफोन आपल्या बाजूला ओढून घेतला आणि त्याच्यावर हात ठेवून बसले. मालाचे आकडे जाऊ लागले. दोन दिवसांचा तुंबलेला हिशेब, सावकाश जात होता. जाऊ कोनांच्या पेटीवर टेकली.

मॅनेजर आला. पडदा बघितला, मला बघितलं, पेटीवरच्या तिला बघितलं. "जातंय?"

"जातंय."

"बेसेदेर," तो म्हणाला. या देशात या एका शब्दात ठीक, असू दे, माझा संबंध नाही, सगळं येतं. आणि तो गेला.

सगळं गेल्यावर जाऊ म्हणाली, "वहिनी, आता उठता?"

"कशाला?"

 माल देणं-घेणं तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं, कोणाला कोणतं रीळ लागतं ते तोंडपाठ होतं, आणि पेटीवर बसून ते होत होतं. तिथे दोन बायका लागतात हे मॅनेजरने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. वाइंडिंगला परत जा असं मला कोणी म्हटलं नव्हतं, आणि मी काही विचारायला जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फाटक उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. ती आली तेव्हा मी खुर्चीत होते आणि टेलिफोन माझ्या मांडीवर होता. तिने बघितलं. आपला डबा फळीवर ठेवला. पेटी भिंतीशी ओढून तिच्यावर घरून आणलेली उशी ठेवली. म्हणजे तिलाही रात्रीच कळलं होतं.

"चहा करू?" तिने विचारलं.

"कर," मी म्हटलं. "साखर कमी घाल."